बूड टेकत नाही

त्याच्या खुर्चीचे मागचे दोन पाय जमिनीवर टेकलेले मी क्वचितच पाहिले. छाती टेबलाच्या कडेला भिडलेली, खुर्ची पुढच्या दोन पायांवर तोललेली, उजवा बूट खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवलेला आणि डाव्या पायाचं टाच-चवडा, टाच-चवडा चाललेलं. दर दोन-तीन मिनिटांनी खुर्ची दाणकन मागे पडायची. मी फळ्याकडे तोंड करून असले तरी मला कळायचं कोण ते. वळून म्हणायचे, "नीट बस." तो लगेच बसायचा. पाठ टेकून, पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून. आणि त्याचं लिहिणं थांबायचं.

हे शेवटचं लक्षात यायला मला अर्धं वर्ष लागलं. एका दुपारी सगळा वर्ग शब्द उतरवून घेत होता आणि मी मागे उभी राहून नुसती बघत होते. सहा शब्द लिहायचे होते. चौथ्या शब्दापर्यंत तो छान पोचला, तिरक्या खुर्चीवर. मग माझ्या तोंडून सवयीने "नीट बस" निघालं आणि पेन्सिल थांबली. तो सरळ बसला होता, माझ्याकडे बघत होता, अगदी शहाण्यासारखा. पण वहीवर काहीच उमटत नव्हतं. त्याची सगळी ताकद नीट बसण्यातच चालली होती. पाचव्या शब्दासाठी त्यातलं काही उरलं नव्हतं.

सहा वर्षांचं मूल. त्या अर्ध्या वर्षात मी त्याला हे दोन शब्द किती वेळा सुनावले असतील!

आपल्या भाषेत या मुलांसाठी शब्दांची रेलचेल आहे. वळवळ्या, चुळबुळ्या, पायाला भिंगरी लागलेला, अंगात वारं शिरलेला, एका जागी बूड टेकत नाही असा. यातला एकही शब्द शरीराला काय हवंय ते सांगत नाही. सगळे स्वभावाबद्दल बोलतात, जणू मुलाने चुळबुळ करायचं ठरवलं आहे. आणि वर्ग शांत करायचा आपला मंत्र, हाताची घडी, तोंडावर बोट, तो तर मुलाचे हात आणि तोंड दोन्ही एकदमच बंद करतो. मी तो वर्षानुवर्षं म्हटला आहे. मुलं ऐकतात, हात बांधले जातात, शांतता होते, आणि आपल्याला वाटतं, आता लक्ष लागलं.

स्थिर बसणं म्हणजे काहीच न करणं, असं मीही धरून चालले होते. प्रत्यक्षात ते कष्टाचं काम आहे. मोठ्या माणसाच्या उंचीत डोक्याचा वाटा साधारण एक अष्टमांश असतो, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीत तो सहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे धड छोटं, डोकं मानाने मोठं, आणि ते डोकं तोलून धरणारे पाठीचे, पोटाचे, मानेचे स्नायू अजून तयार व्हायचे असतात. ते थकले की मूल टेबलावर रेलतं, हनुवटी हातावर टेकवतं, खुर्चीवरून घसरतं, नाहीतर एक पाय बुडाखाली दुमडून बसतं. आपण त्याला आळस म्हणतो. शिवाय आपण कुठे आहोत, कसे आहोत, हे मेंदूला कळतं ते कानाच्या आत असलेल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांवरून आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या निरोपांवरून. शरीर हललं की हे निरोप मिळतात. बराच वेळ हललंच नाही तर जाग मंदावते. लांबलेल्या बैठकीत आपण मोठी माणसंसुद्धा खुर्चीत सरकतो, पाय हलवतो, पेनाचं टोपण काढतो-घालतो. तेव्हा आपल्याला कोणी "नीट बस" म्हणत नाही.

तिरक्या खुर्चीचा उलगडा मला एका डॅनिश शल्यचिकित्सकाच्या कामात सापडला. ए. सी. मँडल त्यांचं नाव. 1970 आणि 80च्या दशकांत त्यांनी शाळेतल्या खुर्च्यांविषयी बरंच लिहिलं. पाठ ताठ, मांड्या पाठीशी काटकोनात, गुडघे काटकोनात, ही जी आदर्श बैठक आपण चित्रांत दाखवतो, तिच्यावरच त्यांचा आक्षेप होता. काटकोनात बसताना खुब्याचा सांधा साधारण 60 अंशच वाकतो आणि उरलेल्या 30 अंशांची भरपाई कंबरेच्या मणक्यांना करावी लागते. पाठीला पोक येतो तो तिथून. मुलं लिहिताना खुर्ची पुढे कलती करतात, कारण बैठक पुढे उतरती झाली की खुबा मोकळा होतो आणि पाठ आपोआप सरळ राहते. हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. त्या मुलाने हे कुठे वाचलं नव्हतं. त्याला पाठ दुखल्यावर उपाय सुचला होता, आणि मी रोज तो उपाय हिसकावून घेत होते.

मग मी मोजायला घेतलं. उभ्या मुलाच्या गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे त्याच्या खुर्चीच्या बैठकीची उंची, ढोबळ मानाने. शिवणाची टेप घेऊन एकेकाला उभं केलं. मुलांना गंमत वाटली, लवणीला टेप लागली की गुदगुल्या व्हायच्या. एकाच वर्गात, एकाच वयात, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या पायात आठ सेंटिमीटरचा फरक निघाला. आणि खुर्च्या? सगळ्या एकसारख्या, 38 सेंटिमीटरच्या. युरोपातल्या शालेय फर्निचरच्या मानकात 38 सेंटिमीटरची खुर्ची 133 ते 159 सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी धरली आहे. 108 ते 121 सेंटिमीटरच्या मुलांसाठी 31ची. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्या दुसऱ्या गटातली. म्हणजे वर्षभर त्यांचे पाय जमिनीपासून अधांतरी लोंबकळत होते, किंवा टेकावेत म्हणून ती बैठकीच्या अगदी कडेवर येऊन बसत होती.

अधांतरी पायांनी बसणं काय असतं, हे कळावं म्हणून मी एका उंच स्टुलावर बसून वह्या तपासल्या. विसाव्या मिनिटाला मांडीखालची कड रुतायला लागली. पायांना मुंग्या. पाय कशाला तरी टेकवावेत म्हणून मी ते स्टुलाच्या दांडीत अडकवले, आणि तेव्हा मला तो बूट आठवला.

त्यामुळे नेहमीच्या खुर्चीऐवजी वेगळी बैठक कोणती द्यावी, असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा बसायच्या मोठ्या चेंडूचं नाव घेत नाही, डुलत्या स्टुलाचंही नाही. पायाखाली काहीतरी द्या, हे सांगते. आम्ही जुन्या कागदांचे गठ्ठे घट्ट बांधून, वर पुठ्ठा लावून, चिकटपट्टीने गुंडाळून पायाखालचे ठोकळे केले. देखणे अजिबात नव्हते. पण पाय टेकले की कंबर स्थिर होते, कंबर स्थिर झाली की खांदा, आणि खांदा स्थिर झाला की मग कुठे बोटांना पेन्सिल वळवायला मोकळीक मिळते. अक्षराची सुरुवात तळपायापासून होते, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. ठोकळ्यांनीच आमच्या वर्गातली बरीचशी चुळबुळ कमी झाली. जी उरली, तिच्यासाठी बाकीचं.

बाकीचं म्हणजे काय, तर फार काही नाही. दोन टेबलांचे पाय कापून ती बैठी केली. तिथे मांडी घालून, गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून लिहिता येतं. एक टेबल भिंतीशी लावून उंच केलं, उभं राहून काम करणाऱ्यांसाठी. एका कोपऱ्यात जाड गादी, पालथं पडून वाचायला. पालथं पडून कोपरांवर वाचणारं मूल आपल्याला आरामात दिसतं, पण त्याची मान, खांदे, पाठ सगळं कामाला लागलेलं असतं, म्हणून ते दहा-पंधरा मिनिटांत स्वतःच उठतं. हवा भरलेल्या दोन चपट्या उशा आणल्या, खुर्चीवर ठेवल्या की बसल्याजागी किंचित डुलता येतं. चार खुर्च्यांच्या पुढच्या पायांना रुंद रबरी पट्टा बांधला; मूल त्यावर पाय रोवतं, ढकलतं, झुलवतं, आवाज होत नाही आणि शेजाऱ्यालाही त्रास नाही. एवढ्या सगळ्यात हा पट्टा मला सर्वांत आवडतो. तो दिसतसुद्धा नाही.

आणि पहिल्याच सकाळी सगळं कोसळलं.

मी म्हटलं होतं, हवं तिथे बसा. मुलं हवं तिथे धावली. गादीवर अकरा जण. उशांवरून ओढाओढ, एक रडला. उंच टेबलापाशी कोणी लिहीत नव्हतं, तिथे नुसता घोळका. मी हे सावरत असताना माझी नजर खिडकीजवळ गेली. तिथे रोज बसणारी एक मुलगी दप्तर छातीशी धरून उभी होती. वर्गातली सगळ्यात शांत मुलगी. तिच्याबद्दल मला कधी काही बोलावं लागलं नव्हतं. तिची खुर्ची कोणीतरी ओढून नेली होती. ती रडत नव्हती, मागत नव्हती, नुसती त्या रिकाम्या फरशीकडे बघत होती. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "बाई, माझी जागा कुठे गेली?"

त्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणाने नाही. हलणाऱ्या मुलांकडे बघता बघता मी न हलणाऱ्यांना विसरले होते. काही मुलांना रोजची जागा, रोजचा शेजारी, रोजच्या खिडकीतला तोच उजेड हवा असतो, आणि त्या आधारावरच ती शिकतात. शेजारी कोणी डुलत असेल तर त्यांचं लक्ष त्या डुलण्यात जातं. त्यांची गरज दुसऱ्याच्या गरजेपेक्षा काडीइतकीही कमी नाही. ती बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळं परत जागेवर ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली. प्रत्येकाला आधी स्वतःची एक पक्की जागा, नावाची चिठ्ठी लावलेली, जी कोणी घेणार नाही. मग एका आठवड्याला एकच नवी बैठक. ती कशी वापरायची ते सगळ्यांनी पाळीपाळीने करून बघायचं, काय बरं वाटलं ते सांगायचं. उशीवर बसल्यावर काहींना पोटात ढवळल्यासारखं झालं, त्यांनी ती नाकारली. एकीला उभं राहून लिहायला आवडलं पण चित्र काढायला नाही. मुलं स्वतःच्या शरीराबद्दल इतकं नेमकं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. नियम दोनच ठेवले: जागा बदलायची तर काम बदलताना, आणि तिथे काम होत नसेल तर मी काही म्हणायच्या आत आपण होऊन आपल्या पक्क्या जागेवर यायचं. हा दुसरा नियम सहा वर्षांची मुलं पाळतील असं माझ्या सहकाऱ्यांना वाटत नव्हतं. सगळी पाळत नाहीत, रोज पाळत नाहीत. पण चौथ्या आठवड्यात एक मुलगा गादीवरून उठला, "इथे मी खेळतोच आहे" असं स्वतःशीच म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला. तो क्षण मी अजून जपून ठेवला आहे.

खुर्चीऐवजी मोठा व्यायामाचा चेंडू ठेवला की मुलं एकाग्र होतात, असं सर्रास सांगितलं जातं. त्यामागे काहीच नाही असं नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि हालचाल आवरणं कठीण जाण्याची अडचण, असलेली मुलं चेंडूवर बसल्यावर जागेवर जास्त टिकली आणि त्यांनी जास्त वाचनीय शब्द लिहिले. पण त्या अभ्यासात ती मुलं तीन होती. तीन मुलांवरून सगळ्या वर्गाच्या खुर्च्या काढून टाकणं मला पटत नाही. 2015 साली आणखी एक अभ्यास आला, 8 ते 12 वयाच्या मुलग्यांचा. डोक्यात गोष्टी धरून ठेवायची कामं करताना एडीएचडी असलेले मुलगे जितके जास्त हलले तितकं त्यांचं काम बरं झालं; ज्यांना ही अडचण नव्हती त्यांचं मात्र जास्त हलल्यावर काम बिघडलं. हे वाचताना मला माझे दोघे दिसले, तिरक्या खुर्चीवरचा तो आणि खिडकीजवळची ती. एकाच खोलीत, एकाच तासाला, एकाला हलू देणं आणि दुसरीला न हलणारी जागा देणं, ही दोन्ही कामं माझीच.

आणि म्हणूनच बैठक बक्षीस म्हणून देऊ नये, शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, यावर मी अडून बसते. "शहाण्यासारखा वागलास तर उशी मिळेल" हे वाक्य मी अनेक वर्गांबाहेरून जाताना ऐकलं आहे. ज्याला नीट दिसत नाही त्याला आपण म्हणतो का, फळ्यावरचं न चुकता वाचलंस तर चष्मा देईन? ज्या मुलाचा दिवस वाईट चालला आहे, ज्याला आज आवरता येत नाही, त्याला त्याच दिवशी त्या उशीची सगळ्यात जास्त गरज असते. नेमकी त्याच दिवशी ती जाते.

हेही तितकंच खरं की कुठलीही उशी धावण्याची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली 60 मिनिटं तरी दम लागेल अशी असावीत, असं म्हटलं आहे. त्यापुढच्या वयाच्या मुलांनाही रोज सरासरी तासभर दमणूक लागतेच. मधली सुट्टी कापून अभ्यास वाढवायचा आणि मग वर्गात डुलती स्टुलं आणायची, याने काही साधत नाही. पोट रिकामं ठेवून तोंडात बडीशेप द्यावी तसं ते होतं.

पालकसभेत एक आई म्हणाल्या, "बाई, पुढे परीक्षेला तीन तास बसावंच लागणार आहे. आत्तापासून सवय नको का?" प्रश्न मनापासूनचा होता, त्यात काळजी होती. मी त्यांना एवढंच सांगू शकले की पुढे सायकल चालवायची आहे म्हणून आपण वर्षाच्या बाळाला सायकलवर बांधून ठेवत नाही. आधी पाय, पाठ, तोल तयार होऊ देतो. स्थिर बसण्याची ताकद हलूनच येते. त्यांना ते पूर्ण पटलं असं नाही. पण आठवड्याने त्यांनी घरी मुलीच्या पायाखाली ठोकळा ठेवल्याचं मुलीनेच येऊन सांगितलं.

हा वाद नवा नाही, याचा मला आधार वाटतो. 1899 साली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोत पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानांत एक अनुभव सांगितला होता. मुलांसाठी मनासारखी बाकं शोधत ते शालेय सामानाची दुकानं हिंडले. शेवटी एक दुकानदार त्यांना म्हणाला, तुम्हाला हवं ते आमच्याकडे नाही. तुम्हाला मुलांना काम करता येईल असं काहीतरी हवंय, आणि ही सगळी बाकं ऐकण्यासाठी केलेली आहेत. त्यानंतर काहीच वर्षांनी, 1907 मध्ये, डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. जमिनीला ठोकलेल्या बाकांऐवजी त्यांनी लहान मुलाला स्वतः उचलून हलवता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या. खुर्ची पडली, आवाज झाला, तर मुलाला आपली हालचाल कुठे चुकली ते त्यातूनच कळेल, असा त्यांचा विचार. सव्वाशे वर्षं होत आली. त्या दुकानदाराचं वाक्य मला आजही बहुतेक वर्गांच्या दारात उभं राहिलं की ऐकू येतं.

तो मुलगा नंतर उभं राहून लिहायला लागला. सगळं नाही, लिहिणं उभं राहून, वाचणं पालथं पडून, गणित खुर्चीवर आणि पाय पट्ट्यावर. हे त्याचं त्यानेच ठरवलं. त्याचं अक्षर सुंदर झालं नाही, पण सहाच्या सहा शब्द व्हायला लागले, आणि दाणकन आवाज थांबला. मला त्याच्याकडे पाठ करून फळ्यावर निवांत लिहिता यायला लागलं.

वर्ष संपत आलं तेव्हा मला वेगळीच काळजी लागली. पुढच्या वर्गात बाकं होती, जोडलेली, तीन-तीन मुलांची. तिथल्या बाईंशी मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाल्या. पण मी रोज तिथे नसणार. म्हणून शेवटच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, मी त्याला थांबवून घेतलं आणि म्हटलं, "समज, मी नव्या बाई आहे. मला विचार, तुला काय हवंय ते."

पहिल्यांदा तो जमिनीकडे बघत पुटपुटला. मला ऐकू आलं नाही, तसं मी सांगितलं. दुसऱ्यांदा त्याने बुटाचं टोक फरशीवर घासलं आणि अर्ध्यावर थांबला. मग मान वर केली.

"बाई, मला उभं राहून चांगलं लिहिता येतं. मी मागे उभा राहून लिहू का? कोणाला त्रास नाही देणार."

"लिही," मी म्हटलं.

"अजून एकदा करू?" त्याने विचारलं.

आम्ही अजून एकदा केलं.